वर्धा जिल्ह्यातील सरकारी शाळा : घटता पट, अपुरे शिक्षक आणि मुलांचे हरवलेले तास

वर्धा : देशातील प्रत्येक मुलाला सात वर्षांचे मोफत, सक्तीचे आणि मातृभाषेतून शिक्षण मिळावे, हा विचार राष्ट्रीय पातळीवर सविस्तर मांडला गेला तो याच शहरात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तत्कालीन मारवाडी विद्यालयात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे 'वर्धा योजना' या नावाने ती देशभर गाजली. या घटनेला आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आज याच जिल्ह्यातील खेड्यांमध्ये शाळेविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न येतो तो पटाचा. पट किती, शिक्षक किती, आणि शाळा पुढच्या वर्षी राहणार की जाणार?

पटसंख्येच्या या हिशेबात एक आकडा मात्र सहसा कोणी मांडत नाही. शिक्षक प्रत्यक्ष समोर उभा राहून एका मुलाला वर्षभरात किती तास शिकवतो, हा तो आकडा होय. सार्वजनिक शिक्षण व्यवस्थेपुढील बहुतेक प्रश्न अखेर याच आकड्यापाशी येऊन थांबतात आणि त्यांची किंमत मुलांना मोजावी लागते. या व्यवस्थेची घडण, तिच्या अडचणी आणि त्यांचे मुलांवर होणारे परिणाम यांचा हा आढावा.

मिनिटांचा हिशेब मांडणारी योजना

१९३७ च्या परिषदेने अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपला अहवाल सादर केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि त्यातून हिंदुस्तानी तालिमी संघाची स्थापना होऊन सेवाग्राम हे त्याचे केंद्र बनले. आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम या दाम्पत्याने तेथील काम अनेक वर्षे सांभाळले. पुढे हीच पद्धती 'नई तालीम' म्हणून ओळखली जाऊ लागली.

सूतकताई, शेती किंवा सुतारकाम यांसारख्या एखाद्या उद्योगाच्या आधारे सर्व विषय शिकवावेत, हे या योजनेचे वैशिष्ट्य सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा वेळेचा काटेकोर विचार मात्र विस्मरणात गेला आहे. समितीने वर्षाला २८८ आणि महिन्याला सरासरी २४ कामाचे दिवस धरले होते. रोजच्या साडेपाच तासांची वाटणीही मिनिटांत करून दिली होती. मूलोद्योगासाठी ३ तास २० मिनिटे, मातृभाषेसाठी ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांसाठी मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानासाठी ३० मिनिटे, व्यायामासाठी १० मिनिटे आणि सुटीसाठी १० मिनिटे अशी ती वाटणी होती. उद्योगाच्या वेळातही शिकवणे अपेक्षित होते आणि शिक्षक सतत मुलांसोबत असणे हे या साऱ्याचे गृहीत होते.

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या तत्कालीन सरकारात शिक्षणमंत्री असलेल्या रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास 'विद्यामंदिर' योजना पुढे आणली. शाळेला जमीन जोडून द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. शाळेचा खर्च कोणी आणि कसा करायचा, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

शाळा कोणाच्या, जबाबदारी कोणाची?

विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तोपर्यंत येथे जनपद सभांची व्यवस्था होती. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपवण्यात आले. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांत प्राथमिक शिक्षणाचा कणा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळा. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी ही उतरंड आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या शहरांत नगर परिषदांच्या शाळा आहेत. माध्यमिक शिक्षण बहुतांशी खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळांच्या हाती आहे.

शिक्षकांचे पगार, भरती आणि पदांची संख्या यांचे निर्णय राज्य शासन घेते. इमारती, स्वच्छतागृहे, गणवेश, पुस्तके यांचा मोठा खर्च 'समग्र शिक्षा' या केंद्रपुरस्कृत योजनेतून होतो. २०१८ पूर्वी ही योजना सर्व शिक्षा अभियान म्हणून चालत होती. शाळेवर देखरेख मात्र जिल्हा परिषदेची असते. एखाद्या शाळेत शिक्षक नसेल तर पालक प्रथम मुख्याध्यापकाकडे, मग पंचायत समितीकडे आणि नंतर जिल्हा परिषदेकडे जातात. नवा शिक्षक नेमण्याचा अधिकार मात्र यांपैकी कोणाकडेच नसतो. जिल्हा परिषदेच्या निर्वाचित सदस्यांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या काळात शिक्षण समितीत गाऱ्हाणे मांडणारा गावचा प्रतिनिधीही उरला नव्हता.

कायद्याची बाजू भक्कम आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा ६ ते १४ वयोगटातील मुलांचा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक, सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक आणि त्यात विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा यांचा प्रत्येकी किमान एक, असे निकष त्याच्या अनुसूचीत आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन झाले पाहिजे, असेही तेथे नमूद आहे.

पट का घटतो?

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ होती. आधीच्या दहा वर्षांत ती जेमतेम पाच टक्क्यांनी वाढली होती. जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २०६ लोक राहत होते, तर राज्याची सरासरी ३६५ होती. साक्षरता सुमारे ८७ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा अधिक होती. याचा अर्थ असा की, येथील लोकांना शिक्षणाचे मोल कळत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. गावे लहान आहेत, विरळ आहेत आणि त्यांतील मुलांची संख्या कमी होत आहे, हे खरे वास्तव होय.

कमी होण्याचे पहिले कारण म्हणजे जन्मदर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ इतका आहे. ज्या गावात पूर्वी पहिलीत पंधरा मुले येत, तेथे आता पाच-सात आली तर त्यात नवल नाही. दुसरे कारण शेतीचे. कापूस आणि सोयाबीनवर उभे असलेले येथील अर्थकारण वारंवार कोसळले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्ध्याचा समावेश होता. गावातील तरुण कुटुंब कामासाठी वर्धा, हिंगणघाट, बुटीबोरी किंवा नागपूरला गेले की शाळेच्या पटावरची एक-दोन नावे कमी होतात.

तिसरे कारण 'कॉन्व्हेंट'. विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही खाजगी शाळेला सर्रास याच नावाने ओळखले जाते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर अशा शाळा काढणे सोपे झाले. तालुक्याच्या गावाहून निघालेली शाळेची गाडी आसपासच्या खेड्यांतील मुले गोळा करीत फिरते. ज्याच्याकडे थोडाबहुत पैसा आहे, तो मुलाला त्या गाडीत बसवतो. मागे राहतात ती शेतमजुरांची, भूमिहीनांची आणि भटक्या जमातींची मुले. गावातील बोलकी, सभेत उठून प्रश्न विचारणारी माणसे शाळेतून बाहेर पडली की शाळेच्या अडचणी मांडणाराही उरत नाही. पट घटला म्हणून शिक्षक कमी होतो आणि शिक्षक कमी झाला म्हणून उरलेले पालकही मुले काढून नेतात, असे हे दुष्टचक्र आहे.

भरती थांबली, गुरुजी निवृत्त झाले

शिक्षकांच्या तुटवड्याला एक इतिहास आहे. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ३,००० रुपये मानधनावर काम करावे, अशी तिची तरतूद होती. हे मानधन पुढे ६,००० रुपये झाले आणि २०२३ मध्ये १६,००० रुपयांवर नेण्यात आले.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. अनेक शाळांच्या हजेरीपटावर प्रत्यक्षात नसलेली मुले दाखवल्याचे तीत उघडकीस आले. त्यानंतर मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षक भरतीवर बंदी घातली. ज्यांनी खोटा पट दाखवला त्यांच्यावरील कारवाई रेंगाळली. भरतीबंदीचा फटका मात्र खऱ्या पटाच्या शाळांनाही बसला. पुढे 'पवित्र' प्रणालीद्वारे भरती करण्याचे ठरले. त्यासाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि नेमणुका सुरू होण्यास २०१९ उजाडले. दुसरी चाचणी २०२३ मध्ये झाली आणि त्यातील नियुक्त्या २०२४ मध्ये झाल्या. मधल्या वर्षांत निवृत्ती काही थांबली नाही. जागा रिकाम्या होत गेल्या आणि डी. एड. झालेले हजारो तरुण वयाची मर्यादा ओलांडत गेले.

शाळेला किती शिक्षक मंजूर होणार, हे 'संचमान्यता' या प्रक्रियेतून ठरते. अलीकडच्या वर्षांत ती आधार क्रमांकाची पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर केली जाऊ लागली. नावातील एखाद्या अक्षराची चूक, जन्मदाखल्याचा अभाव किंवा आधारच नसणे, या कारणांनी वर्गात रोज बसणारे मूल हिशेबात धरले जात नाही. पारधी बेड्यांवरील किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांच्या मुलांबाबत ही शक्यता सर्वाधिक असते. जेथे आधीच पंधरा-वीस मुले आहेत, तेथे अशी दोन-तीन मुले गळाली तरी एका शिक्षकाचे पद धोक्यात येते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुले असल्यास तेथे नियमित शिक्षकाचे पदच मिळणार नाही, अशी तरतूद त्यात होती. शिक्षक संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यभर मोर्चे निघाले.

आठशे तासांचे काय होते?

आता तासांचा हिशेब पाहू. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा हे ग्रामीण भागातील नेहमीचे चित्र आहे. चार वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग. शाळा कायद्यात सांगितलेले ८०० तास पूर्ण भरली, असे गृहीत धरले तरी शिक्षकाचे लक्ष दोन वर्गांत विभागले जाते. एका वर्गाच्या वाट्याला थेट अध्यापनाचे साधारण ४०० तास येतात. दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला, रजेवर किंवा बैठकीला गेला की उरलेल्याकडे चारही वर्ग येतात. वर्षभर असे चालले तर एका वर्गाला २०० तास मिळतील. उरलेल्या वेळात मुले फळ्यावरचे उतरवून काढतात, पाढे म्हणतात किंवा अंगणात बसून वाट पाहतात.

त्यातही शिक्षक पूर्ण वेळ शिकवतो, असे नाही. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे कायद्याचे २७ वे कलम सांगते. प्रत्यक्षात मतदार याद्यांचे काम, निरक्षरांचे सर्वेक्षण, शिष्यवृत्तीच्या नोंदी, निरनिराळ्या प्रणालींवर रोज भरायची माहिती, छायाचित्रे आणि अहवाल, असा व्याप त्याच्यामागे असतो. पोषण आहाराचा तांदूळ, डाळ, तेल यांचा साठा आणि हिशेब मुख्याध्यापकालाच ठेवावा लागतो. लहान शाळेत कारकून नसतो, शिपाई नसतो. मुख्याध्यापक हाच वर्गशिक्षक, तोच लेखनिक.

मुलांवर याचा होणारा परिणाम पहिलीतच सुरू होतो. अक्षरओळख होण्याच्या वयात मुलाला जवळ बसवून, बोट धरून वाचायला लावणारे माणूस हवे असते. ज्या घरी आईवडील शिकलेले आहेत तेथे ही उणीव भरून निघते. मजुरीला जाणाऱ्या आईच्या मुलाला शाळेत मिळाले नाही, ते अन्यत्र मिळण्याची सोय नसते. असे मूल तिसरीत जाते तेव्हा पुस्तक तिसरीचे असते आणि वाचन पहिलीचे. सहावीत ते वर्गात गप्प बसते आणि आठवीनंतर शाळाच सोडते. गळतीचा आकडा आठवी-नववीत दिसत असला तरी तिची सुरुवात फार आधी झालेली असते.

अंतराचा प्रश्न

पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे राज्याचे २०११ चे नियम सांगतात. नकाशावर हे अंतर लहान दिसते. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतील डोंगराळ भागात किंवा सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला असलेल्या गावांत मात्र एकेक किलोमीटर मोजावा लागतो. मध्ये नाला असतो, पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो, जंगली जनावरांचे भय असते. मे महिन्याचे ऊन तर सर्वश्रुतच आहे. त्यामुळेच विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा एक-दोन आठवडे उशिरा उघडतात.

वरच्या वर्गांसाठी मुले एस. टी. वर अवलंबून असतात. या अवलंबनाची किंमत २०२१ मध्ये कळून आली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे बंद झालेल्या शाळांपैकी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. त्याच महिन्याच्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. शाळा उघडली आणि गाडी बंद झाली. ज्यांच्या घरी दुचाकी होती त्यांची मुले शाळेत पोहोचली. मुलींच्या बाबतीत बरेचदा निर्णय उलटा झाला. शाळा लांब गेली की पहिल्यांदा घरी बसवले जाते ते मुलीला, हा ग्रामीण भागातील जुना अनुभव आहे.

पहिली ते चौथीचे ग्रामीण वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल वीस महिन्यांनी थेट तिसरीच्या वर्गात बसले. 'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, ही स्थिती महामारीच्या आधीपासून फारशी निराळी नव्हती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कापसाचा हंगाम आणि रिकामे बाक

दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि ती जानेवारीपर्यंत चालते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितके हात अधिक तितकी मजुरी अधिक. त्यामुळे मोठी मुले आईसोबत शेतात जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. हजेरीपटावर नाव असते, बाक मात्र रिकामा असतो. वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू झाला की काही कुटुंबे गाव सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सलग तीस दिवस गैरहजर असलेल्या मुलाला शाळाबाह्य समजून त्याचा शोध घ्यावा, वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूद आहे. परंतु हा शोधही त्याच शिक्षकाने घ्यायचा असतो, ज्याच्यावर आधीच चार वर्गांचा भार आहे.

समूह शाळा : उपाय की संकट?

राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा असून त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक आहेत, अशी आकडेवारी २०२३ मध्ये शासनाने पुढे ठेवली आणि अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' विकसित करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. त्यापूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांचे समायोजन करण्याचा निर्णय झाला होता आणि त्यावरही राज्यभर टीका झाली होती.

या कल्पनेच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद अगदीच फोल नाही. सहा मुलांच्या शाळेत खेळाला संघ उभा राहत नाही, प्रयोगशाळा नसते, बरोबरीच्या वयाचे मित्र नसतात. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळाला तर तासांचा हिशेब सुधारेल, हेही खरे. मात्र त्यासाठी रोज वेळेवर येणारी गाडी, तिच्यासोबत जबाबदार माणूस आणि पावसाळ्यात चालणारा रस्ता या तीन गोष्टींची हमी लागते. सहा वर्षांच्या मुलाला गावाबाहेर पाठवण्यास आई तयार होईल का, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. गाडी एक महिना बंद पडली तर मोठ्या शाळेतील १००० तासांपैकी त्या मुलाच्या वाट्याला काय येणार, याचा विचार प्रस्तावात आधी असायला हवा. गावातील शाळा एकदा बंद झाली की ती पुन्हा उघडल्याची उदाहरणे विरळाच.

पालकांच्या हाती काय आहे?

अनेक पालकांना ठाऊक नसते की, कायद्याने त्यांच्या हाती एक प्रभावी साधन दिले आहे. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. तिचे किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे तिचे अधिकार आहेत. समितीच्या हाती अधिकार असल्याने काय फरक पडतो, हे गणवेशाच्या बाबतीत दिसले. २०२४-२५ मध्ये गणवेशाची खरेदी व शिलाई राज्यस्तरावरून करण्यात आली. अनेक ठिकाणी मुलांना अर्धे वर्ष उलटले तरी गणवेश मिळाला नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

समितीच्या बैठकीत पालकांनी किमान तीन गोष्टींची नोंद मागावी. गेल्या महिन्यात शाळा किती दिवस भरली आणि त्यांपैकी किती दिवस सर्व शिक्षक उपस्थित होते? शिक्षक कोणत्या अशैक्षणिक कामासाठी, किती दिवस शाळेबाहेर होते? तिसरीच्या पुढील किती मुलांना आपल्या इयत्तेचे पुस्तक वाचता येते? या तीन उत्तरांची इतिवृत्तात नोंद झाली की ती अधिकृत कागदपत्रे ठरतात. त्यांच्या आधारे कायद्याच्या ३२ व्या कलमान्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते.

वर्धा जिल्ह्यात केंद्रीय हिंदी विद्यापीठ आहे. सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. उच्च शिक्षणासाठी दूरदूरचे विद्यार्थी या जिल्ह्यात येतात. सेवाग्रामला नई तालीम समितीने २००५ मध्ये 'आनंद निकेतन' शाळा पुन्हा सुरू केली. तेथे आजही मुले शेतात काम करता करता गणित आणि विज्ञान शिकतात. ही एकच शाळा जिल्ह्याचा प्रश्न सोडवू शकत नाही, तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण शिक्षक मुलांसोबत पूर्ण वेळ असला तर मातृभाषेतील साध्या शाळेतही काय घडू शकते, हे पाहण्यासाठी जिल्ह्यातील कोणत्याही गावाला फार लांब जावे लागत नाही.

१९३७ च्या समितीने व्यायामाची दहा मिनिटेही मोजून ठेवली होती. आज गावच्या शाळेत पहिलीच्या मुलाला शिक्षक दिवसातून किती मिनिटे मिळतो, हे मोजण्याची तरतूद कोणत्याही प्रणालीत नाही. ते मोजायला मुख्याध्यापकाच्या टेबलावरची वही आणि समितीतील दोन जागरूक पालक पुरेसे आहेत.